लेझर मशीन हप्त्यावर मिळते, छटेची नजर हप्त्यावर मिळत नाही

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण मराठीत फार जुनी आहे. सध्या ती लेझर कोरीवकामाच्या धंद्याला तंतोतंत लागू पडते. मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी, ज्या गावांत मागाच्या खडखडाटावर पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटल्या, तेथील अनेक तरुण आता भेटवस्तू, नावाच्या पाट्या, ट्रॉफ्या आणि लाकडावर फोटो कोरून देण्याच्या व्यवसायाकडे वळत आहेत. ही चांगली गोष्ट आहे. हाताला काम मिळते, भांडवल मागाच्या मानाने थोडे लागते आणि दहा बाय दहाच्या गाळ्यातही दुकान थाटता येते. परंतु यंत्र घेऊन वर्ष झाले नाही तोच "मशीन बेकार निघाली, फोटो नीट येत नाही" अशी ओरड सुरू होते. आमचे म्हणणे असे की, दहापैकी आठ वेळा दोष यंत्राचा नसतो. यंत्रात घातलेल्या चित्राचा असतो.

आम्ही कापडाचे व्यापारी. लेझरशी आमचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो जवळचा आहे. एकाच सुताने दहा छटा कशा दाखवायच्या, हा प्रश्न विणकराचा आहे, रंगाऱ्याचा आहे, छपाईवाल्याचा आहे. आणि नेमका तोच प्रश्न लेझरवाल्याचाही आहे. म्हणूनच या पानावर आपल्या कारागीर बांधवांशी या विषयावर दोन गोष्टी बोलाव्यात असे आम्हाला वाटले.

काळे किंवा कोरे, तिसरे काही नाही

लेझरची किमया समजून घेण्याआधी त्याचा इतिहास दोन ओळींत सांगतो. पहिला लेझर अमेरिकेत १९६० साली थिओडोर मेमन यांनी चालवून दाखविला. परंतु आज लाकूड, चामडे, अ‍ॅक्रिलिक आणि कापडावर चालणारा जो कार्बन डायऑक्साइड लेझर आहे, तो १९६४ साली बेल प्रयोगशाळेत चंद्रकुमार नारणभाई पटेल यांनी शोधून काढला. हे पटेल साहेब आपल्या बारामतीला १९३८ साली जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. म्हणजे ज्या यंत्राला आपण परदेशी समजतो, त्याच्या मुळाशी याच मातीत शिकलेला एक माणूस आहे. ही गोष्ट आपल्या मुलांना मुद्दाम सांगावी.

आता मूळ मुद्दा. कागदावरचा किंवा मोबाइलमधला कृष्णधवल फोटो संगणकाच्या हिशेबाने ० ते २५५ अशा २५६ छटांचा असतो. ० म्हणजे निखळ काळा, २५५ म्हणजे निखळ पांढरा. लाकडाला मात्र इतक्या छटा कळत नाहीत. लेझरचा किरण एका ठिकाणी लागला तर लाकूड जळते, नाही लागला तर कोरे राहते. शक्ती कमीजास्त करून फिकट-गडद करता येते हे खरे. पण लाकडाच्या शिरा कुठे कठीण, कुठे मऊ असल्याने त्या मार्गाने चेहऱ्याच्या बारीक छटा हाती लागणे फार अवघड. म्हणून फोटोसाठी बहुतेक वेळा ठिपक्यांचा मार्ग धरतात. गडद भागात ठिपके दाट, उजळ भागात विरळ. लांबून डोळ्याला ती छटा वाटते.

ही युक्ती नवी नाही. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरून पाहा, ठिपकेच दिसतील. त्याहूनही जुना दाखला आमच्या धंद्यातला आहे. फ्रान्समधील लिआँ शहरात १८३९ साली जोसेफ मारी जकार यांचे एक चित्र रेशमात विणले गेले. जकार म्हणजे तेच, ज्यांच्या नावाचा जेकार्ड आजही आपल्या मागांवर बसलेला असतो. त्या एका चित्रासाठी सुमारे २४ हजार भोकपाडी पत्ते लागले. रेशीम काळे आणि पांढरे. पण ताणा किती वर दिसावा आणि बाणा किती, याचे प्रमाण बदलून विणकरांनी चेहऱ्यावरचा उजेड आणि सावली अशी काही उतरविली की पाहणारे त्याला छापलेले चित्र समजत. दोन रंगांतून शंभर छटा काढण्याचा हा हुनर विणकराच्या घरचा आहे. बनारसमध्ये मागासाठी नक्षी बांधून देणाऱ्याला नक्शबंद म्हणत. तो स्वतः विणत नसे. चित्राचे धाग्याच्या भाषेत रूपांतर करणे एवढेच त्याचे काम, आणि त्या कामाला मान होता, दामही होता.

आमचे सांगणे थोडक्यात इतकेच आहे की, लेझरच्या धंद्याला आज नक्शबंद हवा आहे. ऑपरेटर पुष्कळ झाले.

फोटो यंत्रात घालण्यापूर्वी

फोटोच्या छटा कशा सुधाराव्यात, याचा क्रम आम्ही या कामातल्या जाणत्या कारागिरांकडे बसून समजून घेतला. तो येथे मांडतो. साधन कोणतेही असो. कोणी फोटोशॉप वापरतो, कोणी फुकट मिळणारा गिम्प, कोणी लेझरसाठीच बनविलेला लाइटबर्न. क्रम बदलत नाही.

एक : मूळ फोटो मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठविलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, त्यातला बारकावा आधीच गेलेला असतो. गिऱ्हाइकाला सांगावे की तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. घरातला जुना कागदी फोटो असेल तर त्याचा मोबाइलने फोटो काढू नये, चकाकी येते. स्कॅनरवर ठेवून घ्यावा. मूळच पातळ असेल तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते.

दोन : नको ते काढून टाका. मागची भिंत, पडदा, लग्नमंडपाची झालर हे सगळे लाकडावर काळपट गोंधळ होऊन उमटते. चेहरा आणि खांदे ठेवून मागचा भाग पांढरा करावा. पांढरे म्हणजे किरण बंद. तेथे लाकूड आपल्या रंगात राहील आणि चेहरा उठून दिसेल.

तीन : आकार आधीच ठरवा. बहुतेक छोट्या यंत्रांत किरणाचा ठिपका सुमारे ०.१ मिलिमीटरचा असतो. एका इंचात २५.४ मिलिमीटर, म्हणजे इंचाला २५४ ओळी बसतात. ६ बाय ४ इंचांच्या चित्राला १५२४ बाय १०१६ ठिपके पुरेसे आहेत. काही जण जास्त चांगले येईल म्हणून इंचाला ५०८ ओळी लावतात. त्याने ठिपक्यावर ठिपका चढतो, चित्र काळवंडते आणि वेळ दुप्पट लागतो. हिशेबच करून पाहा. सेकंदाला २०० मिलिमीटर वेगाने ६ इंची ओळ मारायला पाऊण सेकंद लागते. १०१६ ओळींना सुमारे १३ मिनिटे, वळण्याचा वेळ वेगळा. ओळी दुप्पट केल्या की २६ मिनिटे. वीज गेली, नळी झिजली आणि चित्र बिघडले, अशी तिहेरी नुकसानी.

चार : रंग काढताना डोळे उघडे ठेवा. रंगीत फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांचा असतो. लाल थर घेतला तर त्वचा उजळ आणि गुळगुळीत दिसते, पण ओठही फिके पडतात. निळा घेतला तर त्वचा गडद आणि प्रत्येक डाग ठळक होतो. हिरवा बहुधा मधला आणि बारकाव्याचा असतो. एका बटणाने फोटो कृष्णधवल करण्यापेक्षा तिन्ही थर पाहून कोणता किती घ्यायचा ते ठरवावे. मेंदीचे हात असतील तर निर्णय वेगळा, दाढी पांढरी असेल तर वेगळा.

पाच : मधल्या छटा उजळवा. हे सर्वांत महत्त्वाचे. लाकूड जळते तेव्हा ठिपका आपल्या हद्दीत राहत नाही, आजूबाजूला पसरतो. खादीवर शाई पसरते तसेच. त्यामुळे पडद्यावर छान दिसणारा फोटो लाकडावर गडद येतो. ते गृहीत धरून मधल्या छटा आधीच उजळ कराव्यात, ज्याला गॅमा वाढविणे म्हणतात. केस, डोळ्याची बुबुळे, टोपीची कड येथे काळेपणा राहू द्यावा, पण केसांचा नुसता काळा गोळा होऊ देऊ नये. आणि चेहऱ्याचा सर्वांत उजळ भागही पार कोरा ठेवू नये. तेथे चुकार ठिपके असले पाहिजेत, नाहीतर कपाळ आणि गाल लाकडात विरून जातात.

सहा : धार द्या. ज्या आकारात कोरायचे त्या आकारातच चित्र तीक्ष्ण करावे. पडद्यावर थोडे जास्तच वाटेल इतके. लाकूड स्वतःहून ती धार बोथट करते.

सात : ठिपके सर्वांत शेवटी पाडा. याला डिदरिंग म्हणतात. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग या दोघांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेली पद्धत आजही चालते. त्याच वर्षीची जार्विस यांच्या नावाची पद्धत लाकडावरच्या चेहऱ्यांसाठी पुष्कळ कारागीर पसंत करतात. या पद्धतीचे मर्म व्यापाऱ्याला लगेच कळेल. एखादी छटा पूर्ण काळीही नाही आणि पांढरीही नाही. यंत्र तिला एका बाजूला लोटते आणि जो फरक पडला तो शेजारच्या ठिपक्यांच्या खात्यावर मांडते. वहीतली बाकी पुढच्या पानावर ओढतो तसेच. शेवटी हिशेब जुळतो आणि छटा खरी वाटते. मात्र एकदा ठिपके पाडले की चित्र लहान-मोठे करू नये. केले तर आडवे-उभे पट्टे दिसू लागतात.

माल बदलला की चित्र बदलले

पुष्कळांचा घोटाळा येथे होतो. लाकडासाठी तयार केलेला फोटो काचेवर, ग्रॅनाइटवर आणि काळ्या अ‍ॅक्रिलिकवर तसाच मारतात आणि भुतासारखा चेहरा उमटतो. कारण सरळ आहे. लाकडावर किरण लागला की काळे होते. काळ्या ग्रॅनाइटवर, स्लेटवर, रंग दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर आणि काचेवर किरण लागला की उजळते. म्हणून तेथे चित्र उलटे, म्हणजे काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे करून द्यावे लागते. आरशाला मागून कोरायचे असेल तर डावे-उजवेही फिरवावे लागते, नाहीतर नाव वाचता येणार नाही.

काचेचा स्वभाव आणखी वेगळा. ती जळत नाही, तिला बारीक तडे जातात आणि त्यामुळे ती दुधाळ दिसते. किरण सलग पूर्ण जोराने मारला तर टवके उडतात. म्हणून जाणते कारागीर काचेसाठी भरीव काळ्याऐवजी सुमारे ८० टक्के काळा भरतात आणि काचेवर ओला कागद चिकटवून उष्णता पसरवितात. लाकडातही भेद आहेत. पाइनच्या शिरा एक मऊ, एक कठीण, त्यामुळे चेहऱ्यावर पट्टे उठतात. सागवानाचा मूळ रंगच गडद, तेव्हा उजळ छटांना जागा कमी. फिकट आणि बारीक पोताचे लाकूड चेहऱ्याला उत्तम.

येथे एक धोक्याची सूचना दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. रेक्झिन म्हणून बाजारात मिळणारा माल बहुधा पीव्हीसीचा असतो. त्यावर लेझर चालविला की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो छातीला घातक आहे आणि यंत्राच्या लोखंडालाही खातो. पाकीट, डायरी, फाइल कोरायला आली की माल कोणता आहे हे आधी विचारा. खात्री नसेल तर काम परत करा. फुप्फुसे विकून नफा होत नसतो.

कापडवाल्यांनी कान द्यावेत

आता आमच्याच बिरादरीला दोन शब्द. जीन्सची घासलेली, विटलेली छटा पूर्वी हाताने घासून, औषध मारून किंवा वाळूचा फवारा मारून आणीत. त्या वाळूच्या धुळीने तुर्कस्तानात कामगारांची फुप्फुसे निकामी झाली आणि २००९ साली तेथील सरकारने या कामी वाळूच्या फवाऱ्यावर बंदी घातली. त्यानंतर हे काम लेझरकडे अधिकाधिक वळले. लिव्हाय स्ट्रॉस या अमेरिकन कंपनीने २०१८ साली आपल्या जीन्सची ही सजावट लेझरने करण्याची योजना जाहीर केली.

हे काम फोटोच्या छटेवरच चालते. खरोखर वापरून जुन्या झालेल्या पँटीचा फोटो घेतात, त्याच्या छटा साफ करतात आणि ते चित्र नव्या पँटीवर मारतात. डेनिमचा ताणा निळीचा, बाणा पांढरा. निळीचा रंगही सुताच्या वरच्या थरावर असतो, गाभा पांढराच राहतो. लेझर तो वरचा थर उडवितो. छटा जितकी उजळ हवी तितका जास्त किरण. मात्र हाव धरली तर रंगाबरोबर सूतही जळते आणि पहिल्याच धुलाईत गुडघा फाटतो. ज्याला कापडाची जाण आणि छटेची नजर दोन्ही आहे, असा माणूस या कामी लाखमोलाचा. आमच्या वस्त्यांत कापडाची जाण असलेल्यांची वाण नाही. नजर शिकून घेतली तर कोणत्याही मोठ्या कारखान्याच्या दारात मान वर करून उभे राहता येईल.

चेहरा गोरा करणे म्हणजे टोन सुधारणे नव्हे

या धंद्यातली एक खोड आम्हाला मनापासून खटकते. गिऱ्हाईक म्हणते, "जरा गोरा करून द्या." आणि कारागीर ब्राइटनेसची कळ शेवटपर्यंत ओढतो. नाक जाते, गालाची हाडे जातात, म्हाताऱ्या आजीच्या सुरकुत्या जातात आणि उरतात दोन डोळे आणि एक ओठ. घरचे लोक पाहतात आणि म्हणतात, ही आमची आजी नव्हेच. याउलट दुसरा कारागीर काहीच करीत नाही आणि सावळा चेहरा लाकडावर कोळसा होऊन येतो. दोघांनीही माणसाचा चेहरा बिघडविला.

सावळ्या चेहऱ्याच्या छटा मध्यावर, एका अरुंद पट्ट्यात दाटलेल्या असतात. त्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी मोकळे करायचे असते. गालाचा उंचवटा थोडा उजळ, हनुवटीखालची सावली थोडी गडद. असे केले की रंग न बदलता माणूस ओळखू येतो. लाकूड स्वतःच तपकिरी असते, त्यावर गोरा किंवा काळा असा रंग नसतोच. असते ती फक्त ठेवण. ठेवण जपणे हाच कारागिराचा इमान. विशेषतः ज्या घरातला माणूस गेलेला आहे आणि त्याचा हा एकच फोटो उरलेला आहे, तेथे आपल्या हातून काय जाते आहे याचे भान असावे.

तीच गोष्ट अमानतीची. गिऱ्हाइकाने दिलेला घरच्या बायका-मुलींचा फोटो दुकानाच्या संगणकात वर्षानुवर्षे पडून राहणे, कामगाराच्या मोबाइलमध्ये जाणे, जाहिरातीत लागणे हे कोणत्याही शरीफ धंद्याला शोभत नाही. काम झाले, माल दिला, फोटो पुसला, असा नियम दुकानात लिहून लावावा. असे दुकान गिऱ्हाईक कधी विसरत नाही.

चेहऱ्यांची चित्रे बनवावीत की नाही, हा प्रश्न आपल्यात आहे याची आम्हाला कल्पना आहे. तो या पानाचा विषय नाही, ज्याने त्याने आपल्या जाणकार आलिमांना विचारावे. इतकेच सांगतो की ज्यांना चेहरे कोरायचे नाहीत त्यांनाही ही विद्या लागणारच. जुन्या वाड्याचा दरवाजा, मशिदीचा मिनार, दौलताबादचा किल्ला, गावचा घाट यांच्या फोटोतही उजेड-सावली असते आणि तीही लाकडावर उतरवावी लागते.

"एवढे कोण करतो?"

आमचे म्हणणे ऐकून काही भाऊ म्हणतील, "शेठ, गिऱ्हाईक स्वस्त मागते. शेजारचा कमी पैशांत देतो. आणि आता तर मोबाइलवर एक बोट दाबले की फोटो तयार होतो." या तिन्ही गोष्टींत तथ्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण जरा विचार करा.

स्वयंचलित साधनाला फोटो कळतो, माल कळत नाही. तुमच्या गाळ्यातले लाकूड किती ओले, तुमच्या यंत्राची नळी किती जुनी, भिंगावर किती धूर बसला, हे त्याला कोठून कळणार? ते सर्वांना एकच उत्तर देते. जेथे सर्वांचे उत्तर एक, तेथे फक्त दर कमी करण्याची शर्यत उरते. आमच्या कापडबाजारात ही शर्यत आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. एक दुकानदार मीटरमागे दोन रुपये सोडतो, दुसरा तीन. शेवटी दोघेही सुताचा दर्जा उतरवितात आणि गिऱ्हाईक तिसऱ्याकडे जाते. यंत्र सर्वांकडे सारखे असेल तर यंत्राच्या जोरावर कोणीच टिकत नाही. टिकतो तो ज्याच्या हातात यंत्राला नसलेली गोष्ट आहे.

दुसरे असे की, आपले कारागीर बिल करतात ते लाकडाचे आणि मशीनच्या मिनिटांचे. फोटोवर जो अर्धा तास डोळे ताणून बसले, त्याची उजरत कोठेच लिहिलेली नसते. जे लिहिलेले नाही ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचे पैसे तो देत नाही. शिंपी कापडाचे वेगळे आणि शिलाईचे वेगळे घेतो, कोणी हुज्जत घालीत नाही. त्याप्रमाणे बिलावर तीन ओळी असाव्यात : माल, मशीन आणि चित्राची तयारी. तयारीचा दर थोडा का असेना, वेगळा लिहावा. सोबत गिऱ्हाइकाला एकाच फोटोचे दोन तुकडे दाखवावेत, एक न सुधारता कोरलेला आणि एक सुधारून कोरलेला. मग भाषणाची गरज पडत नाही.

काय करता येईल

आम्ही चार गोष्टी सुचवितो.

पहिली, प्रत्येक दुकानात नमुना पाटी असावी. रंगारी शेड कार्ड ठेवतो तशी. कोऱ्यापासून पूर्ण काळ्यापर्यंत अकरा चौकोन, दहा-दहा टक्क्यांच्या पायरीने, प्रत्येक मालावर कोरून ठेवावेत. त्याखाली वेग, शक्ती आणि ओळींचे अंतर लिहावे. कोणते दोन चौकोन एकमेकांत मिसळले हे दिसले की त्या मालावर किती छटा मिळतात ते कळते. नवा माल आला, नळी बदलली, भिंग बदलले की पाटी नवी. हे सारे एका वहीत नोंदवावे. वही असली की उस्ताद दुकानात नसतानाही शागिर्दाचे काम अडत नाही.

दुसरी, यंत्र घेण्याआधी तीन महिने फक्त फोटो तयार करायला शिकावे. त्यासाठी एक साधा संगणक पुरतो. शिकून तयार केलेले फोटो एखाद्या ओळखीच्या दुकानात कोरून घ्यावेत आणि निकाल पाहावा. मग कर्ज काढावे. आपल्याकडे उलटे होते. आधी हप्ता सुरू होतो, मग शिकणे सुरू होते. हप्त्याच्या धास्तीत कोणाचा हात स्थिर राहिला आहे?

तिसरी, ही तयारी यंत्रापासून वेगळा रोजगार होऊ शकते. यंत्राला धूर आहे, आवाज आहे, गाळा लागतो. फोटोच्या तयारीला यांतले काही लागत नाही. दहावी-बारावी झालेल्या, चित्रकलेची आवड असलेल्या मुली घरी बसून चार-पाच दुकानांचे काम सांभाळू शकतात. एका गावातील चार लेझरवाल्यांनी मिळून असा एक माणूस ठेवला तर चौघांचाही खर्च वाचेल आणि कामाचा दर्जा एकसारखा राहील. एकमेकांचे दर पाडण्यापेक्षा हे बरे.

चौथी, मशीन विकणाऱ्याला खरेदीच्या वेळीच अट घालावी. नुसते चालू-बंद करून दाखवू नका, आम्ही आणलेल्या फोटोवर आणि आम्ही आणलेल्या लाकडावर काम करून दाखवा. विक्रेत्याच्या फोनमधला तयार नमुना नेहमीच सुंदर असतो. आपला फोटो, आपले लाकूड आणि आपल्या डोळ्यांसमोर निघालेला निकाल, एवढे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

आपल्या समाजात हुनराची कमी कधी नव्हती. औरंगाबादची हिमरू असो की बनारसचा किमखाब, चित्राला धाग्याच्या भाषेत आणणारे हात आपल्याच वस्त्यांत होते. माग बदलले, गिऱ्हाईक बदलले आणि पुष्कळ ठिकाणी ते हात रिकामे झाले. कारण काळाबरोबर यंत्र आले, पण त्या यंत्राची भाषा शिकायला आपण उशीर केला. आता किरणाचे यंत्र आले आहे. ते स्वस्त झाले, उद्या आणखी स्वस्त होईल आणि गल्लोगल्ली असेल. तेव्हा दुकान कोणाचे चालेल? ज्याला फोटोतली सावली कोठे संपते आणि उजेड कोठे सुरू होतो हे दिसते, त्याचे. ती नजर शिकता येते, शिकविता येते आणि तिच्यावर कोणाचे व्याज चढत नाही. कारागीर बांधवांनी आपल्या भांडवलाची पहिली रक्कम तिच्यावर खर्च करावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.